ट्रकच्या हौद्यात ऊब कशी पोचते

ट्रकच्या केबिनमधला हीटर बहुतेकांना माहीत असतो. इंजिनाचं गरम पाणी एका छोट्या रेडिएटरमधून फिरवायचं, त्यामागे पंखा लावायचा, की ड्रायव्हरच्या पायाशी गरम हवा. पण फौजी ट्रकमध्ये केबिनात दोघं-तिघं बसतात आणि बाकीचे दहा-पंधरा जण मागे हौद्यात, ताडपत्रीखाली, समोरासमोरच्या बाकांवर. बाहेर उणे वीस असताना त्या हौद्याचं काय करायचं, हा प्रश्न जगातल्या थंड मुलुखातल्या सगळ्या फौजांना पडला आणि त्याची उत्तरंही वेगवेगळी निघाली.

नाशिककरांना या ट्रकांचं अप्रूप नाही. फाळणीनंतर तोफखान्याचं स्कूल आता पाकिस्तानात असलेल्या काकुलहून देवळालीला आलं, तेव्हापासून कॅम्पच्या रस्त्यांवर तोफा ओढणारे ट्रक पाहतच इथल्या पिढ्या वाढल्या. त्यातला सगळ्यांच्या ओळखीचा म्हणजे शक्तिमान. जर्मनीच्या मान (MAN) कंपनीच्या परवान्यावर जबलपूरच्या सरकारी कारखान्यांत १९५९ पासून १९९६ पर्यंत बनलेला. सेवेतून काढलेल्या फौजी गाड्या लिलावात निघतात, हौशी लोक त्या घेतात, अंबड-सातपूरच्या वर्कशॉपांतून इंजिन उतरवून घेतात, पाटे बदलतात, हौद्यात झोपायची सोय करतात आणि मग लडाखचे बेत सुरू होतात. (रंग मात्र बदलावाच लागतो. फौजी हिरवा रंग खासगी गाडीला चालत नाही. बॉडीतल्या बदलांची नोंदही आरटीओकडे करावी लागते.) बेत रंगात आला की कुणीतरी विचारतंच, “मागे हीटर बसवता येईल का?”

येतो. पण हीटर ही यादीतली शेवटची वस्तू. हे मी उगाच म्हणत नाही, हिशेब करून बघू.

हौदा १२ फूट लांब, ७ फूट रुंद आणि कमानीपर्यंत ६ फूट उंच धरा. तळ, छत आणि चारही बाजू मिळून साधारण ३७ चौरस मीटर पृष्ठभाग होतो. एकेरी ताडपत्रीतून, आतबाहेर एका अंशाचा फरक असला, तर दर चौरस मीटरमागे सुमारे ६ वॉट उष्णता निघून जाते. बाहेर उणे २० आहे आणि आत अधिक १० हवं आहे, म्हणजे फरक ३० अंशांचा. ३७ गुणिले ६ गुणिले ३०, म्हणजे साडेसहा किलोवॉटहून थोडं जास्त. हे नुसतं कापडातून गेलं. आता फटी बघा. मागचा पडदा, कमानींजवळची सैल दोरी, फाळक्याच्या, म्हणजे हौद्याच्या मागच्या दाराच्या, बिजागरीशेजारची बोटभर जागा, तळाच्या फळ्यांमधून दिसणारा रस्ता. आतली सगळी हवा तासाला वीस वेळा बदलते असं धरलं, आणि जुन्या हौद्यासाठी हे मुळीच जास्त नाही, तर आणखी पावणेतीन-तीन किलोवॉट गेले. एकूण साडेनऊ. ट्रक उभा असताना! तो पळायला लागला की वारा कापडाला घासून जातो आणि आकडा आणखी चढतो.

आता त्याच हौद्याला आतून इंचभर जाडीचं अस्तर लावा. फोम, नमदा, काहीही. आपल्याकडे पफ पॅनेलचे, म्हणजे फोम भरलेल्या तक्त्यांचे, तुकडे स्वस्तात मिळू शकतात, कारण पिंपळगाव-दिंडोरी पट्ट्यात द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजची कामं सतत चालू असतात. तिथे बाहेरची उष्णता आत येऊ नये म्हणून जे लावतात तेच इथे आतली बाहेर जाऊ नये म्हणून लावायचं. पॅनेलला भौतिकशास्त्राची दिशा कळत नाही. फक्त फोम उघडा ठेवायचा नाही, त्यावर पत्रा हवाच, कारण पेटला तर तो विषारी धूर ओकतो. जोडकामातल्या त्रुटी धरूनही गळती ६ वॉटवरून २ वर येते. फटींना रबरी पट्ट्या लावल्या आणि हवा ठरवून, मोजकी आत घेतली, तर एकूण गरज साडेनऊवरून तीन-सव्वातीन किलोवॉटवर उतरते. शिवाय स्वस्थ बसलेला माणूस स्वतः सुमारे १०० वॉटचा हीटर असतो. आत आठ जण असले तर ०.८ किलोवॉट फुकट. राहिले अडीच.

म्हणजे अस्तर नसेल तर मोठ्यात मोठा हीटरही दमतो आणि अस्तर असेल तर मध्यम हीटर आरामात पुरतो. लोक मात्र आधी हीटर विकत घेतात, मग ‘हा पुरत नाही’ म्हणून त्याहून मोठा घेतात.

आता ही ऊब आणायची कुठून?

वीज हे पहिलं उत्तर सुचतं आणि तेच सगळ्यात आधी बाद होतं. जुन्या फौजी ट्रकचा अल्टरनेटर २४ व्होल्टला ६० अँपिअर देतो असं धरलं, तरी झाले साधारण दीड किलोवॉट. घरातला रॉडचा हीटर दोन किलोवॉटचा असतो.

इंजिन मात्र उष्णतेचं कोठार आहे. डिझेल इंजिनात जळलेल्या इंधनातला ढोबळमानाने एकतृतीयांश भाग चाकांपर्यंत पोचतो, एकतृतीयांश सायलेन्सरमधून जातो आणि उरलेला पाण्यात. चढावर तासाला वीस लिटर पिणारा ट्रक पाण्यात साठ किलोवॉटच्या आसपास सोडत असतो. त्यातले पाच मागे वळवले तर रेडिएटरला कळणारही नाही. म्हणून थंड देशांतल्या बसगाड्यांत असतो तसा पाण्याचा हीटर हौद्यात बसवता येतो. दोन होज पाइप, एक जाळी, एक पंखा. आत काहीही जळत नाही, त्यामुळे सगळ्यात निर्धोक. पाण्यात कूलंट निम्मंनिम्म मिसळलेलं हवं, ते उणे पस्तीसच्या आसपासपर्यंत गोठत नाही. नुसतं पाणी भरलेला रेडिएटर थंड मुलुखात रात्री रिकामा करून ठेवावा लागतो, नाहीतर सकाळी ब्लॉकला तडा.

या पद्धतीत गोम एकच. इंजिन बंद, की ऊब बंद. आणि ऊब हवी असते ती मुक्कामाला. रात्रभर इंजिन नुसतं चालू ठेवावं तर मोठं डिझेल इंजिन आयडलिंगला गरमच होत नाही. तासाला दोन लिटर डिझेल पीत राहतं, अर्धवट जळलेलं इंधन सायलेन्सरमध्ये काजळी धरतं, आणि जी थोडी उष्णता निघते ती इंजिनाचं लोखंडच थंडीत उधळून टाकतं.

दुसरी जुनी युक्ती सायलेन्सरचा धूरच हौद्याच्या तळातून खेळवायची. डंपरमध्ये हे आजही करतात. ओली वाळू किंवा माती हौद्याला गोठून चिकटू नये म्हणून बॉडीच्या पोकळ पट्ट्यांतून धूर सोडतात आणि माल सुटा राहतो. पण माल श्वास घेत नाही. तीस-चाळीस वर्षांच्या गाडीचा तळ, त्यावर गंजाचे फोड, खड्ड्यांनी उकललेलं वेल्डिंग, आणि त्याखालून जाणारा धूर. माणसं बसणार असतील तर या पद्धतीचा विचारही करू नये, इतकं माझं मत पक्कं आहे.

मग उरतो तो स्वतंत्र, इंधनावर जळणारा हीटर. अमेरिकेत १९३० च्या दशकात स्ट्युअर्ट-वॉर्नर कंपनीने ‘साउथ विंड’ नावाचा पेट्रोलवर चालणारा कार-हीटर विकायला काढला. इंजिन तापायची वाट न बघता लगेच गरम हवा, ही त्याची जाहिरातबाजी. पुढे अमेरिकन फौजेच्या अडीच टनी ट्रकांसाठी जे हिवाळी किट आलं त्यात केबिनला पक्कं छप्पर, रेडिएटरला पांघरूण, बॅटरीच्या पेटीला ऊब, इंजिनाचं पाणी तापवणारा वेगळा हीटर आणि हौद्यातल्या माणसांसाठी इंधनावर जळणारा हीटर असा सगळा सरंजाम होता. सोव्हिएत फौजेने ताडपत्रीचा नादच सोडला. ट्रकवर अस्तर घातलेली बंद खोली बसवली, तिला ‘कुंग’ म्हणतात, आणि तिला स्वतःचा हीटर दिला. आपण वर केलेला हिशेब बघता त्यांचं डोकं ठिकाणावर होतं, असं म्हणावं लागतं.

आज बाजारात जर्मनीच्या वेबास्टो आणि एबरस्पेशर या कंपन्यांचे हीटर मिळतात आणि त्यांच्या धर्तीवर बनवलेले स्वस्त चिनीही. आतली रचना कळली तर बसवताना कुठे जीव लावायचा ते आपोआप कळतं. आपला अंघोळीचा तांब्याचा बंब आठवा. मधल्या नळीत जाळ, भोवती पाणी, धूर वरून बाहेर. जाळ आणि पाणी एकमेकांना शिवत नाहीत, मधला पत्रा तेवढा तापतो. डिझेल हीटर म्हणजे आडवा केलेला बंब, पाण्याच्या जागी हवा. मधल्या कोठीत डिझेल जळतं, कोठीभोवती ॲल्युमिनियमच्या पात्यांचं कवच असतं आणि त्या पात्यांवरून पंखा हौद्याची हवा ढकलतो. जळणासाठी लागणारी हवा गाडीखालच्या एका नळीतून येते, धूर दुसऱ्या नळीतून गाडीखालीच जातो. दोन हवा, दोन रस्ते, कुठेही भेट नाही.

डिझेल आत येतं ते एका छोट्या पंपातून. तो टक् टक् वाजतो आणि प्रत्येक ठोक्याला ठरलेला थेंब सोडतो. जास्त ऊब हवी तर ठोके जलद. एका लिटर डिझेलमध्ये सुमारे १० किलोवॉट-तास ऊर्जा असते. हीटर त्यातली ८०-८५ टक्के हवेला देतो असं धरलं तर ५ किलोवॉटचा हीटर पूर्ण वेगात तासाला अर्धा ते पाऊण लिटरच्या मधे कुठेतरी खातो. आपल्या अस्तर लावलेल्या हौद्यात त्याला पूर्ण वेगाने पळायची गरजच नाही, दहा तासांच्या रात्रीला चार लिटरच्या आत काम होतं. सुरू होताना डिझेल पेटवणारा ग्लो प्लग शंभर-सव्वाशे वॉट ओढतो, नंतर पंखा आणि पंप मिळून तीस-चाळीस वॉटवर भागतं.

गॅसची शेगडी किंवा उघडा स्टोव्ह हौद्यात नेण्याचा मोह होतो, कारण तो स्वस्त आणि ओळखीचा. त्याचं काय होतं ते सांगतो. आपल्या घरगुती सिलिंडरमध्ये ब्युटेनचा मोठा वाटा असतो आणि ब्युटेन शून्याच्या आसपास वायू होणंच थांबवतं, म्हणजे ऐन गरजेला शेगडी मिणमिणते. पेटलीच तर एक किलो गॅस जळून दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ तयार होते. ती ताडपत्रीला आतून लागते, गोठते आणि सकाळी सूर्य वर आला की अंथरुणावर पाऊस पडतो. पण खरं भय वाफेचं नाही.

कार्बन मोनॉक्साइड. याला रंग नाही, वास नाही. डिझेलच्या धुराला वास असतो म्हणून लोक निर्धास्त राहतात, पण वास येतो तो इतर घटकांचा. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. एकदा बसला की सहजासहजी जागा सोडत नाही. हिवाळ्यात बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपलेल्या माणसांच्या बातम्या येतात, त्या याच वायूच्या. बाहेर उंचावर आणखी एक फसगत होते. डोकं दुखणं, मळमळ, भोवळ, सुस्ती ही या विषबाधेची लक्षणं, आणि लेहला पोचल्यावर पहिल्या दिवशी विरळ हवेनेही नेमकं हेच होतं. ‘उंचीचा त्रास आहे, पडून राहा’ असा सल्ला देऊन माणसाला पुन्हा त्याच हौद्यात झोपवलं जाऊ शकतं. म्हणून हा वायू ओळखणारा डिटेक्टर हा सामानातला पहिला जिन्नस. हजार-दोन हजार वाचवायला जाऊन तो वगळायचा असेल तर हीटरही वगळा.

आणि धोका हीटरच्याच धुराचा असतो असं नाही. ट्रकची पाठ सपाट असते. तो पळतो तेव्हा त्या सपाट पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि मागचा पडदा उघडा असेल तर ट्रकचा स्वतःचा धूर वळून हौद्यात ओढला जातो. ताडपत्रीच्या ट्रकमध्ये मागे बसलेल्यांच्या तोंडाला काळं का लागतं, त्याचं कारण हेच. उपाय असा, की हौद्यात ताजी हवा पुढून, केबिनच्या वरच्या बाजूने घ्यायची आणि हीटरच्या पंख्याने आत ढकलायची. आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त राहिला की फटींमधून हवा बाहेर जाते, आत येत नाही. ताजी हवा फुकट मिळत नाही, हे खरं. तासाला १०० घनमीटर हवा ३० अंशांनी तापवायला एक किलोवॉट लागतो. पण दर माणशी तासाला पंधरा-वीस घनमीटर हवा हवीच. वर सव्वातीन किलोवॉटमध्ये मी शंभर घनमीटर धरले होते, ते पाच-सहा माणसांचे. आठ जण झोपणार असतील तर आणखी अर्धा किलोवॉट मोजा.

बसवण्याबद्दल फार लिहीत नाही, चांगला फिटर हे जाणतो. तरी चार गोष्टी. हीटर हौद्याच्या पुढच्या भिंतीशी, त्याच्या नळ्या तळाला भोक पाडून सरळ खाली. धुराची नळी भलतीच तापते, ती लाकडी फळीपासून आणि ताडपत्रीपासून लांब, आणि तिचं तोंड बाजूला, मागच्या पडद्याकडे नाही. गरम हवेचा पाइप बाकांखालून तळाला धरून फिरवायचा, कारण ऊब आपोआप वर जाते आणि पाय मात्र लोखंडावर गारठतात. मुख्य म्हणजे हीटर बॅटरीचा खटका पाडून बंद करायचा नाही. बंद केल्यावर पंखा काही मिनिटं चालू राहून कोठी थंड करतो, तो मधेच तोडला तर आतला भाग भाजून निघतो.

बॅटरीचं प्रकरण जुन्या ट्रकांत थोडं वेगळं आहे. बहुतेक फौजी गाड्या २४ व्होल्टच्या, म्हणजे १२ च्या दोन बॅटऱ्या एकामागे एक. स्वस्त मिळाला म्हणून १२ व्होल्टचा हीटर घेऊन एकाच बॅटरीवरून जोडण्याची आयडिया वर्कशॉपमध्ये नेहमी निघते. तसं केलं की एक बॅटरी रोज उतरते, दुसरी रोज जादा चार्ज होते आणि दोन्ही लवकर मरतात. हीटर २४ चाच घ्यावा. शिवाय थंडीत बॅटरीची ताकद निम्म्यावर येते, आणि पूर्ण उतरलेली बॅटरी उणे दहाच्या आसपासच गोठून फुटू शकते, तर पूर्ण चार्ज असलेली उणे पन्नासलाही तग धरते.

इंधनही गोठतं. साध्या डिझेलमधलं मेण थंडीत दाटतं, फिल्टर बुजतो, आणि इंजिनाच्या आधी हीटरचा बारीक पंप मान टाकतो. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी खास हिवाळी डिझेल आणलं, ते उणे ३३ पर्यंत प्रवाही राहतं. नाशिकहून टाकी भरून निघालेल्याने वर पोचेपर्यंत ते इथलं डिझेल संपवलेलं असावं, हीटरच्या छोट्या टाकीतलंसुद्धा.

आता नाशिकला बसून या सगळ्याची चाचणी कशी करायची? इथे थंडी म्हणजे निफाडची. पारा पाचच्या खाली गेला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात आणि वर्तमानपत्रांत फोटो येतात. उणे वीस आणायचं कुठून? तर आणायची गरज नाही. उष्णतेची गळती बाहेर किती गार आहे यावर ठरत नाही, आतबाहेरच्या फरकावर ठरते. डिसेंबरातल्या पहाटे बाहेर १० अंश असताना रिकाम्या हौद्यात हीटर चालवा आणि आतलं तापमान ४० वर जाऊन टिकतं का बघा. टिकलं तर तोच हौदा उणे वीसला अधिक दहा देईल. तापमापक एक तळाशी, एक छताशी ठेवा, दोन्हींतली तफावत मोठी असेल तर पाइप आणखी खाली घ्या. त्याच वेळी उदबत्ती पेटवून फाळक्याच्या आणि कमानींच्या कडेने फिरवा, धूर जिथे आत किंवा बाहेर वळतो तिथे फट आहे. मग ट्रक इगतपुरीपर्यंत पळवून आणा, मागे कुणी न बसवता, नुसते तापमापक ठेवून. उभ्या ट्रकचा ४० चा आकडा रस्त्यावर किती घसरतो ते दिसेल.

एक गोष्ट इथे तपासता येत नाही. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आणि लेह साडेतीन हजार मीटर. तिथे हवेचा दाब इथल्या सुमारे दोनतृतीयांश, खारदुंग ला या खिंडीत तर जवळपास निम्मा. हीटरचा पंखा तेवढीच हवा ओढतो पण ती विरळ असते, पंप मात्र तेवढंच डिझेल सोडत राहतो. परिणाम अर्धवट जळण, काजळी आणि जास्त कार्बन मोनॉक्साइड. म्हणून उंचीवर पंपाचे ठोके कमी करावे लागतात. काही हीटरमध्ये ही सोय आपोआप असते, काहींत हाताने आकडा बदलावा लागतो, घेताना विचारून घ्या. ठोके कमी म्हणजे ऊबही कमी. ५ किलोवॉटचा हीटर लेहला साडेतीनच्या खालीच धरून चाला. त्यामुळे नाशिकची चाचणी पूर्ण वेगावर घेऊ नये, हीटर दोनतृतीयांशावर ठेवून घ्यावी. तेवढ्यावर ३० अंशांचा फरक पडत नसेल, तर मोठा हीटर शोधत बसण्याआधी आणखी इंचभर अस्तर लावावं.